खरेदीचे नाव, भाडेकरूचे हक्क

‘द क्रू’ या नावाचा मोटार-शर्यतीचा एक व्हिडिओ गेम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणला. लाखो लोकांनी तो घेतला. कोणी दुकानातून डिस्कच्या रूपाने, तर कोणी घरबसल्या डाउनलोड करून. एकट्याने खेळण्याजोगे कथानक त्यात असले, तरी कंपनीच्या सर्व्हरशी सतत संपर्क असल्याखेरीज तो सुरूच होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने हे सर्व्हर बंद केले आणि त्या दिवसापासून हा गेम अधिकृत मार्गाने खेळणे जगात कोणालाही शक्य राहिले नाही. ज्यांनी तो डाउनलोड केला होता त्यांचे तर गेलेच; पण ज्यांच्या कपाटात डिस्क सुस्थितीत होती, त्यांच्याही हाती चकचकीत प्लास्टिकचा एक तुकडा तेवढा उरला. वस्तू मोडली नव्हती, हरवली नव्हती, चोरीसही गेली नव्हती. ती विकणाऱ्यानेच दुरून निकामी केली होती.

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, अशी समजूत अद्यापि रूढ असल्यामुळे या घटनेकडे सुशिक्षित मध्यमवर्गाचे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. तसे होणे उचित ठरणार नाही. येथे जो प्रश्न उपस्थित झाला आहे तो खेळाचा नसून ‘विकत घेणे’ या क्रियापदाच्या अर्थाचा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते, ती हवी तेव्हा वापरता येते, कोणाला देता येते, नकोशी झाली तर विकता येते, ही कल्पना इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिची कधी फोड करून पाहण्याची गरज भासत नाही. गेमच्या बाजारात मात्र ही कल्पना गेल्या वीस वर्षांत हळूहळू पोखरली गेली आहे. ग्रंथ, संगीत, चित्रपट आणि कार्यालयातील हिशेबाचे सॉफ्टवेअर हीदेखील त्याच वाटेने जात आहेत. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉन कंपनीने ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके परस्पर काढून घेतली आणि त्यांचे पैसे परत केले. ज्याने ती विकली त्याला ते प्रकाशित करण्याचा हक्क नव्हता, हे कंपनीचे कारण खरे होते. परंतु हक्क नसलेल्या प्रकाशकाचे छापील पुस्तक कोणी विकले असते, तर पुस्तकविक्रेता रात्री ग्राहकाच्या घरात शिरून ते उचलून नेऊ शकला नसता.

डिस्कबरोबर काय मिळत असे?

डिस्क विकत घेणाऱ्याला दोन गोष्टी मिळत. एक म्हणजे गेम खेळण्याचा आनंद, आणि दुसरी म्हणजे तो खेळून झाल्यावर त्याचे काही पैसे वसूल करण्याची संधी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. समजा, एका विद्यार्थ्याने चार हजार रुपयांना नवा गेम घेतला आणि दोन महिन्यांनी तो अठराशे रुपयांना दुसऱ्याला विकला. म्हणजे त्याला तो गेम प्रत्यक्षात बावीसशे रुपयांना पडला. दुसऱ्याला तोच गेम अठराशेला मिळाला. त्यानेही तो पुढे विकला तर त्याचाही खर्च आणखी कमी होतो. चार हजार रुपये एकदम मोजणे ज्यांना परवडत नाही अशा अनेकांना जुन्या मालाच्या बाजारामुळे त्या वस्तूचा उपभोग घेता येतो.

हा बाजार महाराष्ट्रातील शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला अपरिचित नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेल्या वर्षीची पाठ्यपुस्तके विकून या वर्षीची जुनी पुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. मधल्या वर्गांतील अनेकांचे शिक्षण या उलाढालीवर झाले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. प्रकाशकाला त्या दुसऱ्या विक्रीतून काहीच मिळत नाही, हे खरे. मात्र पुढे विकता येईल या भरवशावरच पहिला ग्राहक नव्या पुस्तकाची पूर्ण किंमत मोजण्यास तयार होतो, हेही तितकेच खरे. जुन्या बाजारातील पैसा अशा रीतीने वळसा घेऊन नव्या मालाच्या किमतीतच परत येत असतो.

कायद्यानेही हा हक्क फार पूर्वीच मान्य केला आहे. ‘द कास्टअवे’ नावाच्या कादंबरीत प्रकाशकाने एक सूचना छापली होती : हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीस विकणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग होय. न्यूयॉर्कमधील मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. मजकुरावरील हक्क लेखक-प्रकाशकाचा. प्रतीवरील हक्क ती घेणाऱ्याचा. सगळे जुने पुस्तकबाजार, भाडेतत्त्वावरील ग्रंथालये आणि मित्रामित्रांतील देवघेव या साध्या भेदावर उभी आहेत.

बूट शिवण्याच्या यंत्रांचा दाखला

उत्पादकांना हा भेद कधीच फारसा रुचलेला नाही, आणि त्याचे कारण अर्थशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले रोनाल्ड कोस यांनी १९७२ साली टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यांसंबंधी एक छोटासा निबंध लिहिला. त्यातील विचार थोडक्यात असा : टिकाऊ वस्तूचा मक्तेदार स्वतःचाच प्रतिस्पर्धी असतो. त्याने काल विकलेला माल आज बाजारात असतो, आणि त्याने उद्या किंमत उतरवली तर आजचा ग्राहक थांबून राहतो. या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे वस्तू विकायचीच नाही. ती भाड्याने द्यायची. भाड्याने दिलेल्या वस्तूचा जुना बाजार निर्माणच होत नाही.

हा केवळ पुस्तकी सिद्धान्त नव्हता. अमेरिकेतील युनायटेड शू मशिनरी ही कंपनी बूट तयार करण्याची आपली महत्त्वाची यंत्रे कारखानदारांना विकत नसे, फक्त भाड्याने देत असे. तिच्यावरील मक्तेदारीविरोधी खटल्यात १९५३ साली न्यायालयाने ही पद्धत स्पर्धेला मारक ठरवली आणि यंत्रे विक्रीसही उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला; १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आयबीएम कंपनीचेही तेच. छिद्रपत्रांवर हिशेब करणारी तिची यंत्रे भाड्यानेच मिळत. सरकारशी झालेल्या १९५६ च्या तडजोडीनुसार तिला ती विकावीही लागली. यंत्र विकले गेले की त्याचा जुना बाजार निर्माण होतो आणि तो बाजार मक्तेदाराच्या किमतीला आपोआप लगाम घालतो, ही त्यामागील भूमिका होती.

आजचा डाउनलोड पाहिला तर त्याचे अंतरंग त्या भाडेपद्धतीचेच आहे. ग्राहक ‘खरेदी करा’ असे लिहिलेले बटण दाबतो. परंतु ज्या लांबलचक करारावर तो न वाचताच संमती देतो, त्यात त्याला गेम वापरण्याचा एक मर्यादित परवाना दिल्याचे नमूद असते. हा परवाना दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि ठरावीक परिस्थितीत तो रद्दही होऊ शकतो. युनायटेड शू कंपनी भाडे घेत होती आणि त्याला भाडेच म्हणत होती. येथे हक्क भाडेकरूचे आहेत, पण रक्कम मालकीची घेतली जाते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशातला हा प्रकार आहे.

सोयीची किंमत

डाउनलोडचे फायदे नाकारणे मात्र अन्यायाचे होईल. दुकानाची पायपीट नाही, डिस्कवर ओरखडे पडण्याची भीती नाही, माल संपल्याची तक्रार नाही. डिस्क छापून जगभर पाठवण्याचे भांडवल ज्यांच्यापाशी नाही अशा छोट्या निर्मात्यांना तर या पद्धतीने नवे आयुष्यच दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीविषयक गेम एकट्या माणसाने तयार केला होता. तो जगभर गेला तो प्रथम डाउनलोडच्याच मार्गाने. हंगामी सवलतीत जुने गेम नाममात्र किमतीला मिळतात, हाही ग्राहकाचा लाभच म्हणावा लागेल. ग्राहक या पद्धतीकडे वळले ते स्वखुशीने. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनवर २०२४-२५ या वर्षात विकल्या गेलेल्या पूर्ण गेमपैकी सुमारे तीन चतुर्थांश डाउनलोडच्या रूपात होते.

प्रश्न आहे तो या सोयीच्या मोबदल्यात ग्राहकाने काय दिले, हा. छपाई, डबी, वाहतूक, गोदाम आणि दुकानदाराची कमिशन यांतील बराचसा खर्च डाउनलोडमध्ये वाचतो. ही बचत किमतीत उतरली असती तर पुनर्विक्रीचा हक्क गमावल्याची काहीशी भरपाई झाली असती. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांचे नवे गेम बहुधा डिस्क आणि डाउनलोड या दोन्ही रूपांत एकाच किमतीला विकले जातात, आणि अमेरिकेत ती किंमत २०२० पासून ६० डॉलरवरून ७० डॉलरकडे सरकली. वरील उदाहरणातील विद्यार्थी चार हजारांचा गेम डाउनलोड करतो तेव्हा त्याला तो बावीसशेऐवजी पूर्ण चार हजारांना पडतो. किमतीच्या चिठ्ठीवरील आकडा तोच राहतो, आणि तरीही अठराशे रुपयांची भाववाढ झालेली असते. महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात ती दिसणार नाही.

याहून गंभीर बाब स्पर्धेची आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात भाव पटला नाही तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडोच्या कन्सोलवर डाउनलोडसाठी दुकान एकच, आणि ते त्या यंत्राच्या उत्पादकाचे. संगणकावर पर्याय आहेत. पण तेथेही २००३ साली सुरू झालेल्या स्टीम या दुकानाचे वर्चस्व आहे. विक्रीच्या रकमेतील साधारणपणे ३० टक्के वाटा हे दुकान ठेवून घेते. मोठ्या विक्रीच्या गेमसाठी २०१८ पासून तो काहीसा कमी करण्यात आला. छपाई-वाहतुकीतील बचत कोणाच्या खिशात गेली, याचे उत्तर शोधताना या आकड्याकडे पाहावे लागते.

भारतात प्लेस्टेशन ५ हे यंत्र २०२१ च्या फेब्रुवारीत आले तेव्हा डिस्क चालवणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये, तर केवळ डाउनलोडवर चालणाऱ्याची ३९,९९० रुपये होती. दहा हजार रुपयांची ही बचत पगारदार कुटुंबाला मोहात पाडणारी होती, यात संशय नाही. पण वरचाच हिशेब पुढे नेला तर दर गेममागे अठराशे रुपयांची पुनर्विक्री बुडते, आणि सहाव्या गेमला ही सगळी बचत संपते. त्यानंतरचा प्रत्येक गेम त्या कुटुंबाला महाग पडत जातो. आज वाचलेले दहा हजार डोळ्यांना दिसतात. पुढील पाच वर्षांत थेंबाथेंबाने जाणारे पैसे दिसत नाहीत.

जे हुकमाने घेता आले नाही ते सोयीने मिळवता आले, हा या इतिहासातील बोधप्रद भाग आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या यंत्राची घोषणा करताना डिस्कच्या पुनर्विक्रीवर निर्बंध घालण्याचा आणि यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटशी संपर्क साधलाच पाहिजे असा दंडक लावण्याचा बेत जाहीर केला. ग्राहकांनी एवढा गहजब केला की त्याच वर्षी १९ जून रोजी कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढील दहा वर्षांत बहुसंख्य ग्राहकांनी डाउनलोड स्वीकारून त्याहून कडक बंधने आपणहून मान्य केली, आणि या वेळी ओरड करण्याजोगा एकच असा दिवस उगवला नाही.

न्यायालयांतील मतभेद

कायदा या बदलाशी कसा सामना करत आहे? निर्णय परस्परविरोधी आहेत. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१२ साली ओरॅकल कंपनीच्या सॉफ्टवेअरसंबंधीच्या खटल्यात ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. वस्तूचे आर्थिक मूल्य एकरकमी वसूल करून ती अमर्याद काळासाठी वापरण्याचा हक्क दिला गेला असेल, तर त्या व्यवहाराला परवाना हे नाव दिले तरी ती विक्रीच होय, आणि डाउनलोड केलेले सॉफ्टवेअरही पुन्हा विकता येईल, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच न्यायालयाने २०१९ साली ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र उलट भूमिका घेतली. अमेरिकेत डाउनलोड केलेली गाणी पुन्हा विकू देणाऱ्या रीडिजी या कंपनीविरुद्ध २०१३ साली निकाल लागला आणि २०१८ साली अपील न्यायालयाने तो उचलून धरला. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाला नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र.

गेमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची लढाई फ्रान्समध्ये झाली. तेथील एका ग्राहक संघटनेने स्टीमविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ साली पुनर्विक्रीचा हक्क मान्य केला. २०२२ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. गेम म्हणजे केवळ संगणकीय आज्ञावली नव्हे. त्यात चित्रे, संगीत, कथानक हे सारे असते, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू होत नाही, असे त्याने म्हटले. २०२४ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठानेही हेच मत ग्राह्य मानले.

भारतात हा प्रश्न ग्राहकाच्या हक्काच्या अंगाने नव्हे, तर कराच्या अंगाने चर्चिला गेला आहे. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने माध्यमावर उतरवलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, म्हणून त्यावर विक्रीकर लागू होतो, असा निर्वाळा दिला. २०२१ साली परदेशी सॉफ्टवेअरवरील आयकरासंबंधी निर्णय देताना त्याच न्यायालयाने म्हटले की, अशा व्यवहारात ग्राहकाला स्वामित्वहक्क मिळत नाही. त्याला मिळते ती स्वामित्वहक्काने संरक्षित अशी एक वस्तू. कर आकारताना जी वस्तू माल ठरते, ती ग्राहकाने पुढे विकायची म्हटली की केवळ परवाना ठरावी, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे. शासनाला माल दिसावा आणि ग्राहकाला मात्र नुसता करार दिसावा, हे फार काळ चालू देणे योग्य नाही.

डिस्क हे उत्तर नव्हे

या साऱ्या चर्चेतून काही जण असा निष्कर्ष काढतात की, डिस्ककडे परतावे म्हणजे प्रश्न सुटेल. ‘द क्रू’चा अनुभव त्याविरुद्ध आहे. डिस्क हातात असूनही गेम गेला. किंबहुना ही सुरुवात फार जुनी आहे. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ हा गाजलेला गेम दुकानातून डिस्कवर घेणाऱ्यालाही इंटरनेटवरून स्टीमच्या खात्याशी जोडल्याविना खेळता येत नव्हता. आज कित्येक डिस्कवर अपुरा गेम असतो; उरलेला भाग पहिल्याच दिवशी डाउनलोड करावा लागतो. २०२५ साली आलेल्या निन्टेंडोच्या स्विच २ या यंत्रासाठी विकल्या जाणाऱ्या काही कार्डांमध्ये गेम नसतोच. ते कार्ड म्हणजे गेम डाउनलोड करण्याची केवळ किल्ली. ही किल्ली दुसऱ्याला विकता येते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. पण ज्या दिवशी कंपनीचे भांडार बंद होईल त्या दिवशी अशी नवी-जुनी सगळी कार्डे सारखीच निरुपयोगी ठरतील.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. पोलंडमधील एका कंपनीने २००८ साली सुरू केलेले गॉग हे दुकान फक्त डाउनलोडच विकते. पण घेतलेली फाइल कुलूपबंद नसते. ग्राहक ती स्वतःच्या संगणकावर साठवून ठेवू शकतो आणि दुकान बंद पडले तरी खेळू शकतो. म्हणजे डिस्कवर असूनही गुलामी संभवते आणि डाउनलोड असूनही बरेचसे स्वातंत्र्य संभवते. लढा माध्यमाचा नाही, हक्कांचा आहे. हे ध्यानात घेतले नाही तर जुन्या तबकड्यांविषयी हळहळ व्यक्त करण्यापलीकडे चर्चा जाणार नाही.

उद्याच्या संग्रहालयाचे काय?

या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे, ज्याला बाजारात मत नसते. तो म्हणजे पुढची पिढी. व्हिडिओ गेम हा आता कलाप्रकार म्हणून मान्यता पावलेला आहे, आणि त्याचा इतिहास मात्र डोळ्यांदेखत पुसला जात आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने आपल्या वी यू आणि ३डीएस या दोन यंत्रांची डाउनलोड-दुकाने नव्या खरेदीसाठी कायमची बंद केली; केवळ तेथेच विकले जाणारे गेम त्या दिवसापासून प्रामाणिक मार्गाने मिळेनासे झाले. ग्रंथालयांना आपल्या संग्रहातील जुने गेम संशोधकांना दुरून पाहू देण्याची सवलत मिळावी, अशी मागणी अमेरिकेत करण्यात आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने ती फेटाळली.

भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. पुस्तक खपो अथवा न खपो, प्रकाशक टिको अथवा बुडो, त्याची एक प्रत समाजापाशी राहावी, हा त्यामागील दूरदर्शी विचार. आज भारतीय तरुण गेम तयार करत आहेत. पण त्यांच्या कृतींची एखादी प्रत कोठे जपून ठेवावी असा काही दंडक त्या कायद्यात नाही.

काय करता येईल?

पहिली सुधारणा शब्दांची आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ती गोष्ट स्पष्टपणे सांगितल्याविना ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतुदी आहेतच. त्यांचा अर्थ या व्यवहारांपर्यंत नेणे अवघड नाही. ‘भाड्याने घ्या’ असे बटणावर लिहावे लागले की किती किंमत मोजावी, हे ग्राहक आपोआप ठरवू लागेल.

दुसरी सुधारणा गेमच्या अखेरीसंबंधी आहे. ‘द क्रू’ बंद पडल्यानंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या चळवळीने युरोपीय महासंघापुढे एक नागरिक-निवेदन ठेवले, आणि त्यावरील स्वाक्षऱ्यांनी २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांची मर्यादा ओलांडली. सर्व्हर अनंतकाळ चालू ठेवा, अशी ही मागणी नाही. ती एवढीच आहे की, सर्व्हर बंद करताना विकलेला गेम खेळण्याजोग्या स्थितीत सोडून द्यावा. प्रकाशक याला खर्चाचे आणि सुरक्षिततेचे कारण देतात, आणि हजारो खेळाडू एकाच वेळी खेळतात अशा गेमच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. परंतु हौशी तंत्रज्ञांनी पदरमोड करून २०२५ मध्ये ‘द क्रू’ला पुन्हा चालते केले, तेव्हा जे हौशी मंडळींना जमले ते मूळ निर्मात्याला मुळीच अशक्य होते, असे म्हणता येणार नाही. निदान किती वर्षे सेवा चालेल याची हमी विक्रीच्या वेळीच छापण्यास काय हरकत आहे? औषधाच्या बाटलीवर मुदत लिहावी लागते.

तिसरी सुधारणा पुनर्विक्रीची. झिजत नसलेल्या फाइलचा जुना बाजार मोकळा सोडला तर जुने आणि नवे यांत फरकच उरणार नाही आणि निर्मात्याचा धंदा बुडेल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर मुंबईकरांच्या परिचयाच्या एका व्यवस्थेत सापडू शकते. पागडीच्या खोलीचा भाडेकरू मालक नसतो. तरीही त्याला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, आणि त्या व्यवहारात घरमालकाला ठरावीक हिस्सा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या रिवाजाने चाललेल्या या देवघेवीला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यताही दिली. पागडीचे दोष अनेक आहेत, आणि मोडकळीस आलेल्या चाळी त्यांची साक्ष देतात. पण मालकीएवढी रक्कम घेतलीत तर हस्तांतराचा हक्क तरी द्या, हे तिच्यातील तत्त्व न्याय्य आहे. गेमचा परवाना वर्षभरानंतर दुसऱ्याच्या नावे करता यावा आणि त्या रकमेतील काही टक्के निर्मात्याला मिळावेत, अशी सोय करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. कोणाच्या खात्यावर कोणता गेम आहे, याची नोंद दुकानदारापाशी आजही असतेच. निर्मात्याला डिस्कच्या जुन्या बाजारातून काहीच मिळत नव्हते. येथे त्याला काही तरी मिळेल.

यांपैकी कोणताही उपाय प्रकाशकांच्या सद्‌भावनेवर सोडून चालणार नाही. युनायटेड शू कंपनीने आपली यंत्रे आपणहून विकायला काढली नव्हती, आणि आयबीएमनेही नाही. गेमच्या ग्राहकांची अडचण अशी की, त्यांतील बहुतेक तरुण आहेत, विखुरलेले आहेत आणि प्रत्येकाचे नुकसान काही हजारांचे आहे; दावा लावण्याएवढे ते मोठे नाही. ग्राहक चळवळीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला वाचा फुटू शकेल. त्यासाठी हा मुलांच्या करमणुकीचा विषय आहे हा समज प्रथम दूर झाला पाहिजे. घरातल्या मुलाने ‘खरेदी करा’ हे बटण दाबण्यापूर्वी पालकांनी त्याच्याशेजारी बसून तो करार एकदा वाचून पाहावा. जो करार मुलाच्या गेमला लागू आहे, थोड्याफार फरकाने तोच पालकांच्या ई-पुस्तकांना, गाण्यांना आणि कार्यालयातील सॉफ्टवेअरलाही लागू असल्याचे त्यांच्या ध्यानात येईल.